टेपवरचं पूर्ण नाव

मुलांनो, आज सकाळी मागच्या शेतातून तुरीच्या भुसाचा वास आला आणि मी मनाने थेट वऱ्हाडातल्या मेडशी गावच्या एका खळ्यात पोचले. तेव्हा मी विद्यापीठात रेडिओ पत्रकारिता शिकत होते. माझं पहिलंच ध्वनिमुद्रण होतं. बोलणाऱ्याने पूर्ण नाव स्वतःच्या तोंडाने सांगितलं नसेल, तर सर टेप परत करत.

ज्यांचं बोलणं टेप करायचं होतं, त्या सुमनकाकू खळ्यात तूर पाखडत होत्या; काका बाजूला बसले होते. मी माईक पुढे केला. "काकू, पूर्ण नाव सांगा."

"सुमन," म्हणाल्या आणि थांबल्या. पुढे नवऱ्याचं नाव येत होतं. "त्यायचं नाव मी कशी घेऊ? थे बसले ना तठी, त्यायलेच इचार."

"घे न वं," काका हसले. "मशीनले काय कान हायेत?"

"कान नाईत, त पोरीनं आणली कायले?"

शेवटी काकांनीच माईकपाशी वाकून "वामन" म्हटलं. काकूंनी लगेच "सोनोने" जोडलं.

वर्गात सरांनी तेवढा तुकडा पुन्हा ऐकला आणि टेप ठेवून घेतली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आता मात्र कुतूहल वाटतं. काकू खरंच लाजल्या होत्या, की टेपवर आपल्या एकटीचाच आवाज जावा, हे त्यांच्या मनात नव्हतं?