वरून खाली

आमच्या गल्लीतल्या रंगाऱ्याला सगळे 'दोन-हात' म्हणत. मारामाऱ्या करायचा म्हणून नव्हे. भिंत कसलीही असो, "रंगाचे दोन हात द्यावेच लागतील," हे त्याचं ठरलेलं. चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली, स्वतःच्या घराचे पोपडे मात्र तसेच. त्यावरून मी त्याला किती छळलंय!

म्हातारपणी हा गडी चित्रकलेच्या वर्गात जाऊन बसला, तेव्हा मी शिकवणाऱ्या बाईंशी त्याचं नाव जोडून मोकळा झालो. खरं कारण कळलं आणि जीभ चावली.

त्याची बायको मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. खिडकीसमोर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. पाठीला धक्का सोसेना, त्यामुळे तिला पुढे आणायची सोय नाही. पुढच्या पायरीपाशी तिने लावलेली शेवंती फुलली होती, ती तिला बघायची होती. मोबाइलमधला फोटो दाखवला, तर म्हणाली, "हे काय टिकलीएवढं! लोकांच्या एवढ्या भिंती रंगवल्यात, माझ्यासाठी एक चित्र काढा की." डॉक्टरांनी तिचे दोनच महिने उरलेत, असं सांगितलं होतं.

बाई म्हणत, "काका, आधी सगळीकडे पातळ रंग लावून घ्या. मग भरा."

"वरचे ओघळ खालच्या कामावर येतात, बाई. रंगारी वरून खाली येतो."

"अहो, ही भिंत नाहीये!"

ऐकेल तर शपथ. आधी आभाळ. तेलरंग वाळायला आठवडा, मग दुसरा हात. मग कौलं, एकेक करून. मग भिंत, चित्रात मात्र बिनपोपड्याची!

दर रविवारी तो कॅनव्हास तिच्यासमोर धरायचा.

"छान झालंय हो. पण माझी शेवंती?"

"येतेय, खाली येतेय."

"मला वरचं काय करायचंय? दिवसभर छतच बघतेय मी!"

मीही तिथेच असायचो; तो आणि मी, दोघंही हसलो होतो तेव्हा.

चित्रातल्या खिडकीच्या चौकटीला दुसरा हात द्यायचा होता, त्या आठवड्यात ती गेली. चित्राचा खालचा वीतभर पट्टा कोराच.

महिन्याभराने त्याने नवा कॅनव्हास घेतला. या वेळी तळापासून सुरुवात केली. पायरी, शेवंती, तिची पाण्याची झारी. एकच हात. वर सगळं पांढरं सोडलं आणि मागच्या खोलीत टांगलं, तेही भलतंच खाली. मला वाकून बघावं लागलं.

"काय रे, घर कुठे गेलं?" मी सवयीने टोमणा मारला.

त्याने रिकाम्या खाटेवरची उशी नीट केली. "उभ्याने नाही दिसायचं. इथं डोकं टेकून बघ."

मी काही टेकलं नाही.