मक्याशेजारचा भुईमूग

मक्याच्या सावलीनं माझा भुईमूग पिवळा पडतो, असं मी वडिलांना सांगितलं, ते खोटं होतं. सांगतानाही ते खोटं आहे हे मला माहीत होतं.

भोर संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. भोंगवलीत आमची चुनखडीची जमीन. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, तिचे दोन पट्टे करून मला आणि धाकट्या भावाला कसायला दिले. विहिरीवरचा मळा मात्र स्वतःकडे ठेवला. "ज्याच्या भुईमुगाची रास मोठी, त्याच्याकडं मळा," असं ते म्हणाले. थोरला म्हणून मळा माझाच, हे मी धरूनच चाललो होतो.

श्रावणात माझ्या भुईमुगावर केवडा पडला. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. भावाचा पट्टा हिरवागार. त्यानं भुईमुगात मक्याच्या ओळी पेरल्या होत्या. त्यात काही शहाणपण नव्हतं. म्हशीला वैरण हवी होती आणि त्याच्या बायकोला कणसं आवडायची. त्याच्या पट्ट्याकडे बघायचं नाही असं मी घरातून ठरवून निघायचो आणि शेतात पोचलो की आधी तिकडेच बघायचो. वाटेनं जाणारा कुणी "धाकट्याचं पीक झ्याक हाय" म्हणाला की माझी भूक मरायची.

भोरच्या बाजारात शेतकी खात्यातला एकजण म्हणाला, केवडा म्हणजे पिकाला लोह कमी पडतं. मी लोहाराकडून गंजके खिळे आणि तुटके नाल आणले आणि ओळींमध्ये पुरले. भाऊ मक्यातून बघत होता.

"दादा, लोखंड पेरलंस व्हय? आता कुदळी उगवतील का कुऱ्हाडी?"

"हसून घे. मळ्यात पाय ठेवशील तवा हस."

"मळ्याचं तात्या बगतील. तू आदी जेव जा. वैनी कवाधरनं हाका मारतीया."

खिळ्यांनी काही झालं नाही. माझी एकच ओळ हिरवी राहिली होती, त्याच्या मक्याला लागून असलेली. मक्याची सावली सगळ्यात जास्त पडायची ती नेमकी तिच्यावर.

आता माझा पुतण्या शेतकी कॉलेजात मातीतल्या जिवाणूंचा अभ्यास करतो. तो सांगतो की आपल्या मातीत लोह भरपूर आहे, पण चुनखडीत ते अडकून बसतं, पाण्यात उतरत नाही. मग जिवाणू स्वतःच्या अंगातून एक पदार्थ बाहेर सोडतात. तो लोहाला धरतो आणि जिवाणूकडे परत आणतो. त्याला सिडेरोफोर म्हणतात. मका, ज्वारी, भात ही गवताच्या जातीची पिकंही मुळांतून तसलंच काही सोडतात. भुईमुगाला ते येत नाही. पण मक्याची मुळं जवळ असली तर मक्यानं मोकळं केलेलं लोह त्यालाही मिळत असावं, असं पुतण्याचं म्हणणं. मी पुरलेले खिळे म्हणजे भरल्या कणगीत आणखी दाणे ओतणं होतं.

हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पण हिरवी ओळ कुठली, ते मी रोज बघत होतो.

त्या वर्षी तात्यांचे गुडघे धरले होते; त्यांना शेतात येता येत नव्हतं. मी ओसरीवर बसून त्यांना सावलीचं सांगितलं. त्यांनी भावाला बोलावलं.

"थोरल्याच्या पिकावर सावली नगं. मका काड."

"तात्या, तुमी येकडाव येऊन तरी बगा."

"पाय असते तर आलो नसतो व्हय? आन् दादा काय खोटं बोलंल?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी बैलाच्या दाव्याची गाठ सोडवत बसलो. ती सुटलेलीच होती.

कणसं भरायच्या आत त्यानं मका उपटला. उपटताना भुईमुगाची झुडपंही हलली, काही मोडली. पुढच्या पावसात त्याची नवी पानं पिवळी आली आणि माझी ती एक ओळही. त्या ओळीचं मला वाईट वाटलं. त्याच्या पिवळ्या पट्ट्याकडे बघून मात्र बरं वाटलं, पोटभर जेवल्यासारखं. खळ्यावर माझी रास थोडी मोठी भरली. मळा मला मिळाला. भाऊ आपला पट्टा टाकून बायकोला घेऊन वेल्ह्याला सासुरवाडीला गेला आणि लोकांच्या खाचरांत राबू लागला.

मळ्यात मी कांदा लावला, गहू केला. चांगला यायचा. कुणी वाखाणलं की वाटायचं, धाकट्यानं केला असता तर याहून चांगला आला असता. तो इथं नव्हता तरी मी त्याच्यावर जळतच होतो. तीन वर्षं मी ते सोसलं. मग एका सकाळी तात्यांना खरं सांगितलं. ते तोंड फिरवून बसले. मी तसाच एसटीनं वेल्ह्याला गेलो.

भाऊ चिखलात भाताची लावणी करत होता. मला बघून त्यानं हातातली रोपं खाली ठेवली.

"तात्यांना काय झालं?"

"तात्या बरं हायेत."

"मग हितं का आलास? हितं बी माजी सावली पडती व्हय?"

मी वहाणा बांधावर काढल्या आणि चिखलात उतरलो.

"सावली कदी नव्हतीच," मी म्हणालो. "तुजं पीक हिरवं होतं, म्हनून माज्या पोटात दुकत होतं. म्या तात्यांशी खोटं बोललो, आज सकाळी त्यास्नी समदं सांगितलं. मळा तुजा हाय. ये नायतर नगं येऊ, पर तुजाच हाय. माजं चुकलं. मला माफ कर."