सहा पोती नाचणीची बिअर

“आरं, सहा पोती सत्त्व खाणारं बाळ हाय तरी केवढं?” तासगावचे काका आपल्या बेदाण्याच्या शेडवरून असे ओरडले की खालच्या द्राक्षबागेतले कच्चे घड गळतात की काय, असं मला वाटलं.

चूक माझीच. पाटणच्या डोंगरातले माझे आजोळचे आबा, निवृत्त सुभेदार, वीस वर्षं एकच पालुपद लावून बसले होते. आमच्या तरुणपणी लग्नात नाचणीची बिअर असायची, मोड आणून, वाळवून, भरडून, मडक्यात आंबवलेली. तसली आता कुठं मिळत न्हाई. ती चव ठाऊक असलेला पृथ्वीवरचा शेवटचा माणूस म्हणजे आबा. साताऱ्याजवळ माझ्या दोस्ताचा बिअरचा छोटा कारखाना आहे, परवान्यासकट. त्याला मी इतकं पिडलं की जीव सोडवायला त्यानं मला एक टाकी देऊन टाकली.

राहिलं मोड आलेली नाचणी वाऱ्यावर, सावलीत वाळवणं. काकांचं शेड हंगामाआधी रिकामंच होतं. पण काका माळकरी; ज्या घरात कांदा शिरत नाही, तिथं बिअर कशी शिरणार? मी ठोकून दिलं, बाळासाठी नाचणीचं सत्त्व करायचंय.

पहिल्याच दिवशी घोळ. शेडच्या जाळीवर बेदाणा टिकतो, नाचणी मोहरीएवढी. सगळ्यात वर पसरली ती एकेका जाळीतून गळत थेट जमिनीवर. बाळाचं नाव ऐकून काकूंनी अंथरायला अकरा सुती साड्या काढून दिल्या, आणि वर एक झबलंही शिवायला घेतलं.

चौथ्या दिवशी, तो ओरडा ठोकून काका शेडवरून खाली उतरले. “सांग की, कुणाचं बाळ?”

आता एक शब्द चुकला की सगळी नाचणी उकिरड्यावर, आणि आबांची बिअर तिथंच संपली. खोटं बोलण्यात माझा जिल्ह्यात पहिला नंबर, पण समोर काकू झबल्याला बंद लावत बसलेल्या. सगळं ओकलो.

“बाळ नव्वदीचं हाय, काका. बिअर पिणार हाय.”

काकूंची सुई थांबली. काकांनी एक दाणा उचलला, दोन नखांत दाबला, पुन्हा दाबला.

“आत ओल हाय रं. अशीच भरलीस तर बुरशी धरंल. दोन दिस ऱ्हाऊ दे.”

ते दोन दिवस, ज्यानं जन्मात दारूच्या दुकानासमोरून सायकलही नेली नाही तो माणूस, स्वतःच्या हातांनी साड्यांवरची नाचणी परतत होता. मला हात लावू दिला नाही.

टाकी उघडली त्या दुपारी अर्धा पाटण तालुका हलगी वाजवत साताऱ्यात उतरला. उरलेल्या अर्ध्याला गाडी मिळाली नाही. आबांनी पहिला ग्लास सलामी दिल्यासारखा उभ्यानं घेतला, दुसरा बसून, तिसरा डोळे मिटून. मिशीवर फेस असा चढला की मूळची मिशी शोधावी लागली. हलगीवाला थांबला. मी वाकून विचारलं,

“आवं आबा, हीच का ती?”

“हीच,” आबा म्हणाले. “मला तवाबी फारशी आवडायची न्हाई.”