झेंडूवरचे पट्टे

पूजेची फुलं रोज हेच काढतात. आज कुंडीपाशी आधी मी गेले आणि दचकलेच. झेंडूवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी बसली होती. मागे गांधीलमाशी चावली तेव्हा ह्यांचा श्वास कोंडला होता, दवाखाना गाठावा लागला होता. मी कीटकनाशकाचा फवारा आणला, पण मारण्याआधी फोटो काढून शैलाला पाठवला. ही माझी मैत्रीण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते.

तिचा लगेच फोन आला. "फवारा खाली ठेव आधी! फोटो मोठा करून बघ. पंख दोनच आहेत ना? गांधीलमाशीला चार असतात, मधमाशीलाही. अगं, ही साधी माशी. हिला नांगीच नाही."

माझा जीव भांड्यात पडला. पक्ष्यांनी घाबरावं म्हणून मिरवलेल्या पट्ट्यांपायीच बिचारी आज मेली असती. लग्न होऊन आले तेव्हा मीही असाच कडक चेहरा करून वावरायचे, कुणी दुखवू नये म्हणून. मग कितीतरी दिवस कुणी जवळच आलं नाही.

मी ह्यांना हाक मारली. माशी दोघांच्या मध्ये हवेत थबकली.

"चावेल ना गं?"

"नाही हो. नुसता आव आणलाय."

हे माझ्याकडे बघून हसले. "ओळखीचा वाटतोय," म्हणाले, आणि झेंडू खुडू लागले.