शर्टाचं पोलकं
कपाट उघडलं की सुकलेल्या सुरंगीचा वास येतो आणि मला जामसंडे गावातलं ते नात्यातलं लग्न आठवतं. मला सातवा महिना होता, नवरा बोटीवर होता आणि माझ्या एकाही पोलक्याचे हूक लागत नव्हते. दोन महिन्यांसाठी नवं शिवणं जिवावर आलं, म्हणून मी त्याचा पांढरा शर्ट चढवला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, पोटाच्या वर गाठ मारली, त्यावर जुनी हिरवी साडी सैलसर नेसले आणि आरशात बघून स्वतःवरच खूश झाले. नवरा जाताना अंगातून काढून ठेवून गेला होता तोच हा शर्ट, मी न धुता उशाशी ठेवलेला. सासूबाई सुरंगीचा वळेसर माळायला आल्या आणि मुलाचा शर्ट बघून थबकल्या. आता ओरडा बसणार, असं वाटलं. “झिलाचो शर्ट मा ह्यो? बरो दिसता गो तुका,” म्हणत त्यांनी माझ्या केसांत फुलं माळली आणि मागून कॉलरला हळूच नाक लावलं, कितीतरी वेळ. मग म्हणाल्या, “घराक इल्यावर धुव नको हां.” नवरा आता कायमचा घरी आहे, सासूबाई नाहीत. शर्ट मी अजून धुतलेला नाही, त्या वळेसरासोबत कपाटात ठेवलाय. कॉलरला नाक लावते, ते आता त्यांच्यासाठी.