रंगवायचा की राखायचा

नव्या वस्तूला भिणारा माणूस जगात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. भिणारा म्हणजे अक्षरशः. आम्ही इथं डीमन गावातल्या फ्लॅटमध्ये नवा सोफा आणला तेव्हा ते वास्तुशांतीचं जेवण उभ्यानं जेवले. "यावर अजून कुणी बसलेलं नाही हो," म्हणाले, "सुरुवात माझ्यापासून नको." त्यांच्या पुढच्या दाताचा एक कोपरा तुटलेला आहे. इथल्या डच डेंटिस्टनं तो बसल्या बैठकीला भरून द्यायची तयारी दाखवली, तर यांनी त्यालाच समजावलं, की हा कोपरा नाशिकला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये स्टेजवरून पडताना गेलेला आहे. तो भरला तर गॅदरिंगचं काय उरलं? चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. स्लोटरडाइकच्या काचेच्या ऑफिसात चांगल्या हुद्द्यावर असूनही सायकल अशी, की चोरही तिला बाजूला सरकवून मागची सायकल नेतात. मी केस काळे करतो हे कळल्यावर माझ्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "साडूभाऊ, ओरिजिनल शेड जमली नाही."

अशा माणसाबरोबर मी भागीदारीत एक जुना ट्रक घेतला. ट्रक म्हणजे अमेरिकन पिकअप, पुढे लांब नाक, मागे उघडा हौदा, वयानं आम्हा दोघांहून वडील. एका डच म्हाताऱ्यानं तो उमेदीची सगळी वर्षं ड्रॅग रेसिंगमध्ये पळवला होता. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की सरळ रेषेत सुसाट सोडायच्या, आणि आपण चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत शर्यत संपलेली. म्हातारा गेल्यावर त्याच्या बायकोकडे बरीच गिऱ्हाइकं आली. प्रत्येक जण कुठला रंग द्यायचा ते बोलत होता. माझे साडू मात्र दारावर म्हाताऱ्यानं स्वतः रंगवलेल्या कोंबड्यासमोर गप्प उभे राहिले. कोंबडा दिसायला बदकाकडे जास्त झुकत होता. पण बाईंनी किल्ली यांच्याच हातात ठेवली.

बाजूच्या काचेवर एक आकडा होता, बुटांच्या पांढऱ्या पॉलिशनं लिहिलेला. आपली गाडी किती सेकंदांत अंतर कापेल तो अंदाज शर्यतीआधी असा काचेवर लिहितात. हा म्हाताऱ्याच्या शेवटच्या शर्यतीचा. साडू त्या काचेजवळ आले की मोठ्यानं श्वासही घेत नसत.

मला तो ट्रक लालभडक हवा होता. बंपर असा, की त्यात तोंड दिसावं. उन्हाळ्यातल्या गाड्यांच्या मेळाव्यात लोकांनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढावेत आणि कुणाचा म्हणून विचारावं. साडूंना त्यातलं काहीच नको होतं. इंजिन चालू ठेवायचं, गंज वाढू द्यायचा नाही, बाकी कशाला हात लावायचा नाही. नीउ-व्हेनेप गावात त्यांच्या घरामागे एका शेतकऱ्याची ट्यूलिपचे कंद साठवायची शेड आहे, तिथं ट्रक उभा असे आणि दर रविवारी आमची तिथं जुंपे.

"अहो, गंजलाय तो."

"तुम्हीही पन्नाशीला आलात. तुम्हाला रंगवू?"

"मी रंगवतोच की."

"तेच म्हणतोय मी."

पुढे पुढे यातला विनोद संपला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यासुद्धा आम्ही दोघं टेबलावर असलो की मीठ जपून मागायच्या. शेवटी ठरलं, की दिवाळीला निर्णय घ्यायचा. दोघांचं एकमत झालं नाही तर ट्रक तिसऱ्याला देऊन टाकायचा.

आता इतके दिवस कुणाजवळ बोललो नाही ते लिहितो. दसऱ्याला साडू आइंडहोवनला कामासाठी गेले होते. दुसरी किल्ली माझ्याकडे. वाहनाची पूजा चुकायला नको म्हणून मी शेडवर गेलो. झेंडू मिळाला नव्हता, सुपरमार्केटातली पिवळी शेवंती ओवून हार केला होता. पण पारोशा गाडीला हळदकुंकू कसं वाहायचं? आमच्या घरी दसऱ्याला स्कूटरसुद्धा आधी न्हायची, मग पुजली जायची. मी बादली भरली. बॉनेट धुतलं, दिवे पुसले, काचेवर फवारा मारला आणि कागदाचा बोळा फिरवला. पहिल्याच हाताला अर्धा आकडा गेला.

मी तिथं थांबू शकलो असतो. हात थांबलाही होता. मग वाटलं, अर्धवट पुसलेलं फारच वाईट दिसतंय. आणि त्याच्या खाली आणखी एक वाटलं, की आता काय राखाल, साडूभाऊ? दुसरा हात मी जाणूनबुजून फिरवला. मग हार घातला, नारळ फोडला, नमस्कार केला.

परत आल्यावर साडूंनी काच पाहिली. हार पाहून म्हणाले, "पूजा केलीत, बरं केलंत." मग काचेपाशी वाकले. "आकडा कुठं गेला हो?"

"दमट हवा," मी म्हणालो. "मी आलो तेव्हाच नव्हता."

त्यांनी विश्वास ठेवला. सगळा घोटाळा तिथं झाला. माझ्याशी भांडायचं सोडून ते स्वतःशी भांडायला लागले. शेडमध्ये हवेतला ओलावा मोजायचं यंत्र आलं. कौलावरून थेंब पडतो का म्हणून हे तासन्‌तास स्टुलावर बसून छताकडे बघत. शेतकऱ्याला कंदांच्या श्वासोच्छ्वासाबद्दल विचारून त्यांनी भंडावून सोडलं. ताईंचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, माझ्या बायकोला फोन आला, "अगं, हे जेवत नाहीत धड. एवढंसं सांभाळता आलं नाही म्हणतात." बायकोनं मला सांगितलं. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

दिवाळीच्या आदल्या रविवारी त्यांनी मला शेडवर बोलावलं. हातात सँडपेपर होता.

"साडूभाऊ, तुमचं बरोबर होतं. जपणं मला जमत नाही. लाल तर लाल. पेंटर उद्या न्यायला येतोय."

"मग हा सँडपेपर?"

"कोंबडा मी काढतो. परक्याच्या हातून नको." ते दारापुढे गुडघ्यावर बसले. कागद कोंबड्याच्या तुऱ्याला टेकवला. हात हलेना त्यांचा.

मला हवं होतं ते सगळं होत होतं. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि त्यात तर माझा हातखंडा.

"थांबा," मी म्हणालो. "दमट हवा नव्हती. मी पुसला तो."

ते वळले नाहीत. "चुकून?"

"अर्धा चुकून."

सँडपेपर खाली आला. त्यांनी विचारलं, "कशानं पुसलात?"

"कागदाच्या बोळ्यानं."

"तो कुठंय?"

"टाकला."

"टाकलात," ते म्हणाले. सगळ्यात जास्त राग त्यांना त्याचाच आला असावा. तुटक्या दातातून एक लांब सुस्कारा आला. "तुम्ही जा आता."

मी जाता जाता म्हणालो, की माझ्या फोनमध्ये त्या काचेचा फोटो आहे, हुबेहूब आकडा परत लिहून देता येईल.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "जा म्हटलं ना."

पेंटरला त्यांनी नको म्हणून कळवलं. त्या दिवाळीला आम्ही आपापल्या घरी फराळ केला. बायकोला मी सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मग तिनंच ताईंना फोन लावला. थंडी सरता सरता साडूंचा निरोप आला, बॅटरी उतरलीय, धक्का मारायला माणूस पाहिजे. मी गेलो.

ट्रक आहे तसाच आहे, तिसऱ्याला द्यायची गोष्टही निघाली नाही. माझ्या वाट्याच्या अर्ध्या ट्रकाबद्दल मी पुन्हा ब्र काढला नाही. रविवारी कधी कधी कुणी बघायला येतं. साडू त्यांना कोंबडा दाखवतात, बदक म्हणणाऱ्याला दुरुस्त करतात, मग काचेपाशी नेतात आणि तिच्यावर बोट न टेकवता सांगतात, "इथं आकडा होता. एका दसऱ्याला धुतला गेला." कुणी धुतला, ते सांगत नाहीत. मी शेजारीच उभा असतो. पाहुणे हळहळतात, माझ्याकडेही हळहळून बघतात, जणू माझंही काही गेलंय. दर वेळी वाटतं, आज तरी हे माझं नाव घेतील. ते टायरांकडे वळतात.