पुढे गेलेली तुकडी

सुभेदार नकाशा उघडत तेव्हा आधी शत्रू नसलेली जागा शोधत. शत्रू कुठे आहे हे आम्ही बोटाने दाखवू लागलो की म्हणत, "ते दिसतंय मला. कुटं न्हाय, ते सांगा."

गावी, सांगोल्याकडे परत जाईपर्यंत ते शुक्रवार पेठेत राहत. सैन्यात त्यांच्याकडे डावपेच शिकवण्याचे काम होते. निवृत्तीनंतर ते त्यांनी रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर चालू ठेवले. विद्यार्थी दोघेच, औषध दुकानदार शिवा आणि वर्तमानपत्रात काम करणारा मी. मोहोळजवळच्या सीना नदीचा मोठा नकाशा पसरायचा, त्यावर एका बाजूची निळी बटणे, दुसरीची लाल. एक बटण म्हणजे एक तुकडी. चकमकीचा निकाल फासा टाकून.

शिवाने पहिल्या दिवशी आपली सगळी लाल बटणे नदीकाठी ओळीने मांडली. सुभेदारांनी चष्मा वर केला. "शिवाप्पा, ही लढायला आलीत का रेशनला?" मग दोन लाल बटणांमधल्या मोकळ्या जागेतून त्यांनी एकच तुकडी आत घातली, थेट मागच्या पुलावर. पूल गेला तशा पुढच्या लाल तुकड्या रसदीवाचून अडकल्या आणि न लढता निकामी झाल्या. "सगळ्यांस्नी मारत बसायचं न्हाय. त्याला इचार करायला टाइम द्यायचा न्हाय."

आत घुसलेल्या तुकडीला सारखे हुकूम पाठवलेले त्यांना खपत नसे. काय साधायचे ते एकदा सांगायचे, कसे ते तिने ठरवायचे. ती एकटी असते, दोन्ही बाजूंनी उघडी असते. पण घाबरून मागे बोलावली तर डाव गेला. मी एकदा बोलावली. पुढे कित्येक रविवार दारातच स्वागत व्हायचे, "या, माघारराव."

त्यांची एकुलती एक मुलगी रूपाली लष्करात अधिकारी. सीमेवर तणाव वाढला त्या आठवड्यात ती तिथेच होती आणि तिचा फोन बंद होता. त्या रविवारी जायचे नाही असे आम्ही ठरवले होते. सुभेदारांनीच फोन करून बोलावले. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता. त्यांच्या पत्नी, काकू, दारात उभ्या होत्या.

"अवो, कुणाला तरी इचारा की. तुमच्या वळकीची मानसं हायती तितं."

"तिचं काम तिला करू द्या. आपण मधी नाचायचं न्हाय."

"काळीज हाय का दगूड?"

सुभेदारांनी फासा उचलला.

निळी बाजू त्यांची होती. त्यांची तुकडी माझी फळी ओलांडून आत आली होती. पुढच्या खेळीत पूल मिळणार होता. टीव्हीवरचा आवाज एकदम चढला आणि काकू आत धावल्या. सुभेदारांचे बोट बटणावर होते. ते त्यांनी पुढे सरकवले नाही. सावकाश मागे ओढत नदीच्या अलीकडे, आपल्या फळीमागे आणून ठेवले. शिवाने माझ्याकडे पाहिले. डाव मी जिंकला.

बुधवारी रूपालीचा फोन आला. ती सुखरूप होती. सुट्टी मिळणार नव्हती, अजून तिथेच राहायचे होते.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा बटणे आधीच मांडलेली होती, त्या माघारीच्या आधी होती तशी.

"हितनं खेळू," सुभेदार म्हणाले. "मागं घेतली, ती चूक हुती."

काकू चहा घेऊन आल्या आणि तिथेच थांबल्या. सुभेदारांनी तुकडी पुलावर घातली. माझी राखीव बटणे दोन्ही बाजूंना होती. ती सरकवताना मी थबकलो.

"पेपरवाले, हात आकडू नगा. शत्रू थांबतोय व्हय?"

मी बटणे सरकवली. फासा त्यांच्याविरुद्ध पडला. तुकडी वेढली गेली आणि संपली.

संपलेले बटण डब्यात टाकायचे, हा त्यांचाच नियम. शिवाने डबा पुढे केला. सुभेदारांनी निळे बटण उचलले, अंगठ्याने पुसले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. काकूंनी शिवाच्या हातातून डबा घेतला आणि झाकण लावले.

"खेळा," सुभेदार म्हणाले.